श्रावणात चालणारं मशीन

हरितधाम सोसायटी, बी विंग,
जूचंद्र, नायगाव पूर्व
६ एप्रिल २०२५

चि. हर्षू यास आजीचा आशीर्वाद.

आधी ओळख करून देते, कारण मधे बरेच महिने गेलेत आणि तुझं डोकं लहानपणापासून गळकं. मी शकुंतला, तुझ्या बापाची आई. जिच्या ताटातली बोंबलाची शेपटी तू पळवायचास ती. होळीला येतो म्हणाला होतास. होळीची राख झाली, पोळ्या वाळल्या, शेवटी गेटवरच्या कुत्र्याने खाल्ल्या. तो तुझी रोज वाट बघतो.

फोनवर मला आता ऐकू येत नाही. तू बोलतोस आणि मला डब्यात भुंगा कोंडल्यासारखं वाटतं. म्हणून हे पत्र. खालच्या मजल्यावरच्या सुझान टीचर लिहितायत. त्या शाळेतून निवृत्त झाल्या, त्यांचा लाल पेन झाला नाही. मी 'पानी' म्हणते, त्या 'पाणी' लिहितात. तहान दोन्हीने भागते, म्हणून मी भांडत नाही.

आता काम. इमारतीच्या मागे, जिथे आपलं भाताचं खळं होतं, तिथे सांडपाण्याचं मशीन आहे. सगळ्या घरांच्या मोरीचं आणि संडासाचं पाणी त्यात जायचं, स्वच्छ व्हायचं आणि परत फ्लशला आणि झाडांना यायचं, असं बिल्डर सांगून गेला. म्हणून तर गेटवर हिरव्या पानांची पाटी लावली आणि नाव ठेवलं हरितधाम. पाटी अजून हिरवी आहे. मशीन दोनदा चालू केलं आणि दोन्ही वेळा मेलं. मेलं म्हणजे काय, आवाज चालू, पण पाणी असं सडकं की झाडंसुद्धा तोंड फिरवतील.

आमचे सेक्रेटरी शांताराम राणे, ए विंगवाले, मालवणकडचे. म्हणतात, मोडून टाका, जागा पार्किंगला घ्या आणि टँकर कायमचा बांधून घ्या. एक जूनला सभा आहे. तिथे हात वर करून ठरणार.

माझं दुखणं वेगळंच आहे. टँकर कुठून भरून आणतोस म्हणून मी ड्रायव्हरला विचारलं. म्हणाला, कामणहून, आंब्याच्या राईजवळ बोअर आहे तिथून. अरे, ती राई म्हणजे माझं माहेर. बोअर शेजाऱ्याचा आहे, पण आमच्या विहिरीला अगदी खेटून. माझी भावजय हंसा निरोप धाडते की विहिरीच्या तळाचे दगड दिसायला लागले, कळशी आता खरवडून भरावी लागते. लग्नाच्या दिवशी निघताना ज्या विहिरीचं पाणी मी ओंजळीने प्यायले, त्या पाण्याने ही इमारत संडास धुते. हे मी डोळे मिटायच्या आत बंद करणार आहे. आणि डोळे मिटायचा सध्या माझा विचार नाही.

तू म्हणे पुण्याला मोठी बिल्डिंग सांभाळतोस. तुझा बाप चारचौघांत फॅसिलिटी मॅनेजर म्हणतो, घरात म्हणतो वॉचमनांचा साहेब. जो कोण असशील तो, मशीनला काय झालंय ते कळव. सोबत जवळा पाठवतेय. घरी भाजून खा. ऑफिसात डबा उघडू नकोस, नोकरी जाईल.

तुझी आजी

ता. क. — सहीच्या जागचा अंगठा त्यांचाच आहे. 'वॉचमनांचा साहेब' गाळावं असं मी सुचवलं होतं. — सुझान


खराडी, पुणे
१२ एप्रिल २०२५

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

ओळख पटली. कुत्र्याला सॉरी सांग.

बाबांचं बरोबर आहे, वॉचमन माझ्याच हाताखाली येतात. शिवाय लिफ्ट, एसी, वीज, पाणी, कचरा आणि कुठल्याशा मजल्यावर शिरलेलं कबुतर. इमारत बांधून होते दोन-तीन वर्षांत, चालवावी लागते पन्नास वर्षं. बांधणाऱ्याचं नाव पाटीवर लागतं. चालवणाऱ्याचं नाव लोकांना लिफ्ट बंद पडली की आठवतं. आमच्याही गेटवर हिरवी पाटी आहे, आणि ती खरी ठेवायची म्हणजे रोज उठून नळ, दिवे, मीटर बघत फिरायचं. पाटी म्हणजे लग्नाचा फोटो समज. संसार त्याच्यानंतर असतो.

मी सध्या येऊ शकत नाही. मेमध्ये त्या पाटीसाठीच आमच्या बिल्डिंगची तपासणी आहे, बाहेरून साहेब येणार आहेत. पण लांबून सांगता येईल तेवढं सांगतो.

ते जे घरघरतं ते मशीन म्हणजे नुसतं भांडं. खरं काम करतात टाकीतले जंतू. दुधाला विरजण लावतो तसं आहे. जंतूंना घाण खायला मिळाली, हवा मिळाली, की ते वाढतात आणि पाणी निवळतं. विरजण मेलं की दूध नासतं. माझा अंदाज आहे की हवा सोडणारा ब्लोअर रात्री कुणीतरी बंद करतंय, वीजबिल वाचवायला. आमच्या धंद्यात दहातले नऊ रोगी असेच मरतात. तेवढं बघ. आणि मशीन कधी चालू झालं, कधी बिघडलं, ते आठवून कळव.

दुसरं, हे तू स्वतः करू शकतेस. प्रत्येक घरी फ्लशच्या टाकीत चिमूटभर हळद टाकायची आणि तासभर कुणी फ्लश करायचा नाही. खालच्या भांड्यात पिवळं उतरलं तर टाकी गळतेय. असं गळणारं पाणी कुणाला दिसत नाही, आणि टँकर त्याच्यासाठी येतो.

जवळा संपला. ऑफिसात डबा उघडला होता. नोकरी आहे.

तुझा हर्षू


जूचंद्र
२० एप्रिल २०२५

चि. हर्षू,

तुझे दहातले नऊ तुझ्याकडे ठेव, आमचा दहावा आहे. ब्लोअर माझ्याच खिडकीखाली आहे. कानाने ऐकू येत नाही, पण भिंतीला तळवा लावला की थरथर कळते. रात्री उठले की लावून बघते. कधी बंद नसतो. मशीन मेलं त्या आठवड्यातही थरथरत होता. म्हातारा गेला तरी घोरणं चालू, तसं.

हळदीचं केलं. वाटी घेऊन दोन्ही विंग फिरले. ए विंगच्या वसुंधराबाईंना वाटलं हळदीकुंकवाचं बोलावणं आलंय. त्यांनी माझ्या ओटीत नारळ घातला, मग मी त्यांच्या संडासात हळद घातली. त्यांचं भांडं कोरडं निघालं. सगळ्यात पिवळं कुणाचं, तर राण्यांचं. बघून ते असे उभे राहिले की जणू मीच गळतेय. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. मला म्हणाले, शकूताई, हे कुणाला सांगू नका. मी कुणाला सांगितलं नाही. तुला लिहितेय, आणि लिहिताना टीचरला कळलं, एवढंच.

(मीही कुणाला सांगितलेलं नाही. — सुझान)

आता कधी चालू झालं ते. पहिल्यांदा गेल्या श्रावणात. काय सुरेख पाणी यायचं, माझ्या अळवाची पानं सुपाएवढी झाली. गणपतीपर्यंत चाललं. गणपती गेले आणि आठवड्याभरात मेलं. मग कंत्राटदाराने टाकी उपसून पुन्हा लावलं ते मार्गशीर्षात. महिना छान गेला. थर्टीफस्ट झाली आणि पुन्हा मेलं.

हे वसुंधराबाईंच्या बरोबर लक्षात आलं. बाई साताऱ्याकडच्या, घरात अंडंही चालत नाही, पण हिशेब पक्का. त्या म्हणाल्या, मशीन शाकाहारी आहे. श्रावणात आणि मार्गशीर्षात तुमच्या बी विंगमध्ये मासळी बंद असते तेव्हाच ते जगतं. त्यावर राण्यांनी सभेत आणखी एक ठराव घातलाय की सोसायटीच्या आवारात मासळी साफ करायला बंदी.

आता तूच सांग. जमीन आमची, खळं आमचं. माझ्या सासूने तिथे खाडीची निवटी साफ केली. बिल्डरला जमीन दिली म्हणून बी विंगमध्ये सगळी गावची घरं आली, आणि आता कालवण कुठे करायचं ते ए विंग सांगणार? आगोट तोंडावर आली आहे. पावसाळ्याची सुकी मासळी आत्ता भरून ठेवायची नाही तर कधी?

आणि घाण म्हणशील तर शोधून सापडणार नाही. रविवार, बुधवार, शुक्रवार आम्ही सगळ्या मागच्या नळावर बसतो. पूर्वी वासाची नोटीस लागली होती, तेव्हा मीच नियम घालून दिला. मासळी धुऊन झाली की मोरीत तांब्या भरून ब्लीचिंग पावडर, वरून फिनाइल. कुणी हात आखडला तर मी स्वतः ओतते. मांजरसुद्धा वाट चुकतं. ए विंगला वासाची झुळूक जाऊ दिली नाही मी कधी.

तेव्हा तू शिकलेला आहेस, कंपनीच्या कागदावर लिहून दे की माशाने मशीन मरत नाही. सही कर, शिक्का मार. मी सभेत फडकवते.

तुझी आजी


पुणे
२६ एप्रिल २०२५

ती. आजी,

लिहून देतो. माशाने मशीन मरत नाही. मासळीचं पाणी जंतूंना चालतं, खरं तर आवडतं. वसुंधरा मावशींचं निरीक्षण बरोबर आहे, निदान चुकलं. ब्लोअरचं माझंही चुकलं.

पण हा कागद अजून फडकवू नकोस. टीचर, पुढचं जरा सावकाश वाचून दाखवा.

आजी, ब्लीचिंग पावडर कशासाठी असते? जंतू मारायला. त्या मागच्या मोरीचं पाणी थेट मशीनच्या टाकीत जातं. आठवड्यातून तीनदा तुम्ही तांब्या ओतता आणि टाकीतलं विरजण मरतं. श्रावणात मासळी नाही म्हणून पावडर नाही, पावडर नाही म्हणून मशीन चालतं. गणपती गेले की मासळी येते आणि तिच्या मागोमाग तांब्या येतो.

तू हे ए विंगला त्रास होऊ नये म्हणून केलंस, मला माहीत आहे. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव. पण पावडर बंद केलीस तरच मशीन जगेल, नाही तर कितीही कंत्राटदार आणा.

तुझा हर्षू


जूचंद्र
४ मे २०२५

प्रिय हर्षवर्धन,

हे माझं पत्र आहे, आजींचं नाही. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. चहा तसाच ठेवून वर निघून गेल्या. तीन दिवस खाली आल्या नाहीत, मी दार वाजवलं तर म्हणाल्या गुडघा दुखतोय. गुडघा त्यांचा कधी दुखत नाही.

आज रविवार. मासळी आली, बायका मागच्या नळावर बसल्या. आजी आल्या, पावडरचा डबा उचलला, मोरीच्या तोंडाशी ठेवला आणि त्याच्यावर बसल्या. बायकांनी समजावलं, ओरडल्या, एकीने हात धरला. आजींना ऐकू येत नाही, आणि आज तर अजिबातच येत नव्हतं. शेवटी सगळ्या पावडर न टाकताच घरी गेल्या. त्यानंतर त्या उठल्या.

पत्र लिहायला बसतील असं वाटतं. तू काळजी करू नकोस.

सुझान


जूचंद्र
६ मे २०२५

चि. हर्षू,

टीचरनी तुला काहीतरी लिहिलं हे मला कळलंय. त्यांच्या तोंडावर दिसतं.

रागावले होते, पण तुझ्यावर नाही. माझ्या माहेरची विहीर आटवायला तांब्या मीच धरला होता, तोही चांगुलपणाने, हे गिळायला वेळ लागला. गिळलं. आता पुढचं.

बायका म्हणतात, पावडर नाही तर वास, वास आला की नोटीस, नोटीस आली की बंदी. बरोबर आहे त्यांचं. मी म्हटलं, पावडर यायच्या आधी आपल्या सासवा काय करायच्या? तेव्हा एकेकीला आठवायला लागलं. खवलं आणि आतडी मोरीत नाहीतच, नारळाच्या बुंध्याशी खड्डा करून पुरायची, वर माती. हातांना चिंच. फरशीला राख, राख झाडून त्याच खड्ड्यात. थोडा वास राहतो, नाही म्हणत नाही. पण तो माशाचा आहे, मढ्याचा नाही. घरात फिनाइल घालायचं तरी झाकणभर, बाटलीभर नाही, हेही ठरलं. एकदोघी चोरून टाकतील. त्यांची नावं मला माहीत आहेत.

आता विरजण. विरजण मेलं की दूध आपणहून लागत नाही, एवढं मला कळतं. जिथे चांगलं लागलंय तिथून आणावं लागतं. सभेच्या आधी टाकी जिवंत दिसली पाहिजे, नाही तर माझ्या तोंडच्या शब्दावर कोण हात खाली ठेवणार? तेव्हा तू ये. तुझे ते तपासणीवाले साहेब पाटी बघायला येतायत ना? पाटी काही पळून जात नाही. माझी विहीर जातेय.

आजी


पुणे
८ मे २०२५

ती. आजी,

शनिवारी सकाळी पोचतो. घोडबंदरला माझा मित्र सिद्धेश एक मोठं कॉम्प्लेक्स सांभाळतो, त्याच्याकडचं मशीन वर्षानुवर्षं ठणठणीत आहे. तिथला गाळ कॅनमध्ये भरून आणतो. हेच आपलं विरजण. गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्या लागतील.

तू ताजं शेण आणि गूळ तयार ठेव. दोन्ही पाण्यात कालवून टाकीत सोडायचं, सुरुवातीला जंतूंना ताकद म्हणून. चेष्टा करत नाहीये.

तपासणी सोमवारी आहे. तयारीच्या दिवशी मी नाही म्हणून आमचे साहेब नाराज झाले. मी त्यांना सांगितलं, बिल्डिंग दाखवायला इथे पुष्कळ लोक आहेत, तिकडे विरजण लावायला माझ्याशिवाय कुणी नाही.

हर्षू


जूचंद्र
४ जून २०२५

चि. हर्षू,

तू गेलास आणि तुझा शर्ट इथेच राहिला, शेणाने माखलेला. तीनदा धुतला, डाग जात नाही. वसुंधराबाई म्हणाल्या पावडर लावा. मी नुसतं बघितलं. त्या हसल्या, मग मीही हसले. पण हे नंतरचं. सभा आधी सांगते.

तू सांगितल्याप्रमाणे सभेच्या सकाळी टाकीतून निघालेलं पाणी काचेच्या बरणीत भरून नेलं. राण्यांनी ठराव वाचले, आधी मशीन मोडायचा, मग मासळीचा. ए विंग मान डोलावत होती. मी उठले. गुडघा खरंच दुखत होता, पण त्या दिवशी त्याला विचारलं नाही. म्हटलं, "मशीन माशाने मेलं नाही. माझ्या पावडरीने मेलं. तुम्हाला वास येऊ नये म्हणून मी तांब्याने ओतली, दोन्ही वेळा. आता पावडर बंद आहे. थोडा वास येईल, तो सोसा. मशीन जगेल."

कोण काय बोललं ते मला ऐकू आलं नाही, टीचर कानात सांगत होत्या. मग वसुंधराबाई उठल्या. त्यांनी विचारलं, आम्ही संडासात ओततो त्या ॲसिडचं काय? मी म्हटलं, त्याचंही तेच. बाई खाली बसल्या. पुन्हा उठल्या आणि म्हणाल्या, मासळीचा ठराव मागे घ्या, त्यात निम्मी चूक आमच्या बाटलीची आहे. हर्षू, कांदासुद्धा जपून खाणारी बाई, आणि माझ्या बोंबलासाठी उभी राहिली.

राण्यांनी बरणीचं झाकण उघडून वास घेतला. दोनदा घेतला. माणूस वाईट नाही, फक्त त्याला रोजच्या कटकटीची भीती. म्हणाले, "शकूताई, आज चाललं. पण रोज याच्याकडे कोण बघणार?"

मी म्हटलं, "तुमच्या घरात विरजण रोज कोण बघतं?"

सगळ्या बायका राण्यांच्या बायकोकडे बघायला लागल्या. तिने तोंडाला पदर लावला. त्यानंतर हात वर झाले ते मशीन ठेवायला. मासळीचा ठराव मागे घेतला. मशीनला दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे, टँकरचं कायमचं बोलणं तोपर्यंत थांबवलंय. पाळ्या लावल्यात, एक घर ए विंगचं, एक बी विंगचं. रोज सकाळी बरणी भरायची, रंग बघायचा, वास घ्यायचा, ब्लोअरच्या भिंतीला हात लावायचा. काही वेगळं वाटलं तर तुला फोन. पहिली पाळी राण्यांनी स्वतःहून घेतली. नाकाला रुमाल होता, पण आले.

टँकर आता दिवसाआड येतो, आणि ते पाणी प्यायला आणि स्वयंपाकालाच. हंसाला निरोप धाडला. ती म्हणते, तुमच्या एका इमारतीने काय होतं, बोअरवर रांग तशीच आहे, दगड तसेच दिसतात. खरं आहे तिचं. एका इमारतीने विहीर भरत नाही. म्हणून मंगळवारी मी शेजारच्या सोसायटीत हळदीची वाटी घेऊन चाललेय. त्यांच्याही गेटवर हिरवी पाटी आहे आणि मागच्या बाजूला कुलूप लावलेली खोली आहे. टीचर येते म्हणाल्या. वसुंधराबाई नारळ घेऊन येतायत, म्हणजे दार तरी उघडेल.

आता तुझं काम, आणि हे विसरू नकोस, होळीचं विसरलास ते विसरलास. निम्मी ए विंग अजून गावाला आहे, शाळा उघडेपर्यंत यायची नाही. त्यामुळे टाकीत घाण कमी जाते आणि जंतू उपाशी राहतात. काल बरणी गढूळ दिसली. फोनवर तू टीचरना म्हणालास की गूळ घाला. गूळ घातला, पण इथल्या वाण्याचा माल मला पसंत नाही. तू तिकडून दोन ढेपा पाठव, एक टाकीला आणि एक मला. काळपट बघून घे, हाताला चिकटणारा. पिवळा धमक आणू नकोस. त्याला पावडर मारलेली असते, आणि आमच्याकडे पावडर बंद आहे.

तुझी आजी